माकड मेलं, हे सांगायचं की गप्प बसायचं?

सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला आशा म्हणून काम करणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. गाव आणि नाव देत नाही. पत्रातला मजकूर थोडक्यात असा:

"गेल्या महिन्यात काजूच्या बागेलगत एक वानर मरून पडलेला दिसला. मी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि 'माकडताप असू शकतो, जवळ जाऊ नका' असं लिहिलं. अर्ध्या तासात सरपंचांचा फोन आला. काजूचा हंगाम तोंडावर आलाय, व्यापारी येणार, दोन घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात, गावाचं नाव खराब करू नकोस म्हणाले. मी पोस्ट काढून टाकली. पुढे कुठे कळवलंही नाही. आता माझ्याच दिराला चार दिवस ताप आहे. डोकं फुटतंय म्हणतो, कंबर आणि पिंढऱ्या धरून बसतो. बाजारातल्या डॉक्टरांनी व्हायरल आहे म्हणून इंजेक्शन दिलं. सासूबाई म्हणतात देवचाराचं काहीतरी राहिलंय, गाऱ्हाणं घालायला हवं. मी बोलायला गेले तर घरातच ऐकवतात, तू काय डॉक्टरपेक्षा शहाणी? खरं सांगायचं तर मलाही फारसं माहीत नाही. तालुक्याला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं, पत्रकांचा गठ्ठा मिळाला, मी घरोघर वाटला. एका घरात त्याच कागदाच्या पुडीत भाजक्या काजी बांधून मला दिल्या. आमची माणसं अडाणी आहेत. त्यांना जागृत कसं करायचं? आणि सरपंचांना डावलून कळवायचं का? मला राहायचं याच गावात आहे."

ताई,

तुमचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी दिरांबद्दल तुमच्याशी फोनवर बोललो. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, ताप कुठल्या तारखेला सुरू झाला ते आणि ते काजूत काम करतात हे आधी सांगा, रक्त तपासायला पाठवायला सांगा, एवढं त्या दिवशी बोलणं झालं. निदान काय आलं ते तुमच्या घरचं आहे, इथे लिहीत नाही. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सावकाश लिहायला घेतली, कारण तुमच्यासारख्या कितीतरी आशाताई, आरोग्यसेविका आणि बागवाले याच पेचात अडकलेले असणार.

पत्रातला एक शब्द मला खटकला, आधी त्याच्याबद्दल बोलतो. "अडाणी." 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा माकडताप पहिल्यांदा ओळखला गेला. तिथे जंगलात माकडं मरत होती आणि पाठोपाठ माणसं तापाने पडत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले, शास्त्रज्ञ तिकडे गेले तेव्हा आफ्रिकेतला पीतज्वर आपल्याकडे शिरला की काय, अशी त्यांना पहिली शंका होती. पण माकडांच्या मरण्याचा आणि माणसांच्या तापाचा काहीतरी संबंध आहे, हे तिथल्या गावकऱ्यांच्या डोळ्यांना दिसत होतं. कन्नडमध्ये ते आजही त्याला 'मंगन कायिले' म्हणतात, माकडाचा आजार. आपला 'माकडताप' हा शब्दही त्याच वळणाचा. तेव्हा पाहणारी माणसं गावात असतात, ताई. त्यांनी पाहिलेलं पुढे पोचवायची वाट मात्र बुजलेली असते. तुमच्या गावात तर ती पाहणारी तुम्हीच होतात. वानर तुम्ही पाहिलात, फोटो काढलात, आजाराचं नावही बरोबर घेतलंत. थांबलात कुठे? एका फोनवर. यात अडाणीपणाचा काही संबंध नाही.

आता शिकलेल्या माणसाची गोष्ट सांगतो, माझीच. मी कोकणात सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो. मार्चचा महिना, बाहेर रांग लागलेली. चाळिशीतला एक गडी आला. डोळे लालबुंद, कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलेलं, स्टुलावर सरळ बसता येईना. मलेरियाची तपासणी केली, नव्हता. केसपेपरावर 'विषाणूजन्य ताप' लिहिलं, पॅरासिटामॉल दिलं आणि पुढचा पेशंट घेतला. उठताना त्याने लुंगीची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि तिच्यातून दोन सुकी पानं जमिनीवर पडली. ती पानं मी पाहिली. पण तू काम कुठे करतोस, हे विचारलं नाही. काही दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते आणि बायको सांगत होती की रात्री काहीतरी भलतंच बरळतो. पुढे तो बरा झाला, हे त्याचं नशीब आणि मोठ्या हॉस्पिटलातल्या लोकांचे कष्ट. माझा त्यात वाटा नव्हता. माझ्याकडे पदवी होती, पुस्तकात या आजाराचा परिच्छेदही मी वाचलेला होता. पण तो 'कर्नाटकातला आजार' म्हणून डोक्याच्या एका खणात बंद होता.

तुमच्या बाजारातल्या डॉक्टरांनाही मी याच नजरेने पाहतो. ते खोटं बोललेले नाहीत, हा आजारही विषाणूचाच आहे. कितीतरी वर्षं तो शिमोगा आणि त्याच्या आसपासच राहिला. मग 2012 मध्ये बंदीपूरला दिसला, त्यानंतर केरळ आणि तमिळनाडूच्या जंगलपट्ट्यात. 2015 मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाळी गावात आणि 2016 च्या सुरुवातीला आपल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढे बांद्याच्या बाजूलाही रुग्ण निघाले. गोव्यात काजूबागेत राबणाऱ्यांवर तर वेगळा अभ्यास झाला आहे. म्हणजे आजाराने आपली हद्द ओलांडली, डॉक्टरांच्या डोक्यातला नकाशा मात्र जुनाच राहिला. अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाने तो बदलत नाही, तुमचाही नाही आणि त्यांचाही नाही. तुम्हाला फार माहीत नाही हे तुम्ही सरळ लिहिलंत, ते मला आवडलं. मला ते तेव्हा म्हणता आलं नव्हतं.

मग निदान इथे नीट सांगतो. हा विषाणू पसरवते गोचीड. जंगलातल्या जमिनीवर, पातेऱ्यात म्हणजे गळून पडलेल्या सुक्या पानांत, उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांच्या अंगावर तिचं चक्र चालू असतं. माणसाला बहुतेक वेळा चावतं ते तिचं पिल्लू. ते तिळाहूनही लहान असतं, चावलेलं कळतही नाही. पाऊस संपून रान सुकलं की ही पिल्लं वाढतात, म्हणून डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ आणि नेमका हाच आपला काजूचा, पातेरा गोळा करायचा, भाजावळीचा हंगाम. वानर आणि केलडी, म्हणजे लाल तोंडाची माकडं, या दोघांनाही हा विषाणू मारतो. मेलेल्या माकडाचं अंग गार पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि दुसरं गरम अंग शोधू लागतात. तुम्ही फोटो काढायला जिथे उभ्या होतात ती जागा त्या दिवसांत सगळ्या बागेत सर्वांत वाईट होती. यापुढे फोटो लांबूनच. बंदीपूरला मेलेली माकडं हाताळणाऱ्या, जाळणाऱ्या माणसांनाच हा ताप आला होता.

चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत ताप येतो, तोही एकदम, थंडी वाजून. कपाळ ठणकतं, अंग असं मोडून येतं की माणसाला कूस बदलवत नाही, उलट्या-जुलाब होतात, डोळे लाल होतात. काहींना नाका-हिरड्यांतून रक्त येतं. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून पुष्कळदा कागदावर डेंग्यू लिहिला जातो. बहुतेक जण दोन आठवड्यांत उठून बसतात, अशक्तपणा मात्र महिनाभर रेंगाळतो. शंभरातले तीन ते पाच दगावतात. दहा ते वीस जणांना ताप उतरून आठ-पंधरा दिवस बरे गेल्यावर दुसरा फेरा येतो. पुन्हा ताप, मान आखडणं, थरथर, भ्रम, नजरेत बिघाड. माझ्या त्या गड्याचं हेच झालं होतं. म्हणून ताप उतरला की आशाचं काम संपलं असं समजू नका. पुढचे दोन आठवडे त्या घरी जाऊन बसायचं आणि चार शब्द बोलून बघायचे. बोलण्यात, चालण्यात फरक दिसला तर 108 ला फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

या विषाणूला मारणारं औषध नाही, हे खरं. पण वेळेवर सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि चुकीच्या गोळ्या टाळणं यानेच माणूस वाचतो. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. अंगदुखीवरची इतर गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. लशीबद्दल लोक तुम्हाला विचारतील. कर्नाटकात बरीच वर्षं एक लस दिली जायची, तिचा पुरेसा उपयोग होत नाही म्हणून ती थांबवली. नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर आपल्या हातात आहे ते अंग झाकणं आणि अंग तपासणं.

इथे तुमच्या पत्रकाकडे येतो. ज्या कागदात काजी बांधल्या गेल्या, त्यावर काय छापलं होतं ते मी न बघता सांगू शकतो: 'जंगलात जाणे टाळा.' ताई, ज्या बाईची वर्षाची बेगमी या तीन महिन्यांच्या काजूवर आहे, तिला जंगलात जाऊ नको सांगणं म्हणजे जेवू नको सांगण्यासारखं आहे. तिने तो कागद वाचला, तिच्या कामाचं त्यात काही सापडलं नाही, म्हणून त्याची पुडी झाली. याला मी अजाणपणा म्हणणार नाही. लोक ऐकत नाहीत असं वाटतं तेव्हा आपण त्यांना करता येण्याजोगं काही सांगितलं का, हे आधी तपासावं.

करता येण्याजोगं बरंच आहे. काजूत जायच्या आधी पाय, घोटे, हात, मान यांना डेपा किंवा डीएमपी तेल लावायचं. डेपा हे आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेलं गोचीड-डासरोधक. आरोग्य केंद्रात विचारा, नसेल तर लेखी मागणी द्या. घाम आला की ते उतरतं, म्हणून दुपारी पुन्हा लावायचं. साडी नेसणाऱ्या बायकांनी आतून जुनी पँट घालून तिचे पाय मोज्यांत खोचावेत. दिसायला कसं दिसतं यावर हसतील, पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः तसं जा. न्याहारीला पातेऱ्यावर बसायचं नाही, कातळावर बसायचं. घरी आल्यावर कपडे दारातच उतरवून गरम पाण्यात भिजत घालायचे, साबण लावून अंघोळ करायची आणि मग एकमेकांचं अंग बघायचं: काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानांमागे, कमरेच्या नाडीखाली. मुलांचे केससुद्धा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीला टेकून धरायची आणि सरळ वर ओढायची. विडीचा चटका द्यायचा नाही, रॉकेल लावायचं नाही, नखाखाली चिरडायची तर मुळीच नाही.

गोठा मात्र विसरू नका. गुरांना माकडताप होत नाही, पण रानात चरून आलेलं ढोर गोचिडी वाढवतं आणि दारापर्यंत आणतं. गुरांच्या डॉक्टरांकडून गोचिडींवर औषध द्यायला सांगा. आणि गोठ्यात अंथरायला, भाजावळीला म्हणून आणलेल्या पातेऱ्याचा ढीग घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. परड्याच्या पार कडेला न्या. त्या ढिगावर मुलं उड्या मारतात. मीही लहानपणी मारल्यात.

आता सरपंच. तुम्ही त्यांना विरोधक ठरवून टाकलंत आणि मग घाबरलात. मी त्यांची काळजी खोटी मानत नाही. काजूचा दर पडला तर शिव्या त्यांनाच खाव्या लागतात. पण त्यांना दोन गोष्टी कोणी सांगितलेल्या दिसत नाहीत. एक, हा आजार काजूतून पसरत नाही. बी खाऊन, बोंडू खाऊन, गोणी उचलून कोणाला माकडताप होत नाही, तेव्हा व्यापाऱ्याने घाबरायचं कारणच नाही. दुसरी, न कळवल्याने माकडं मरायची थांबत नाहीत. कळवलं तर पथक येतं, मेलेल्या माकडाची विल्हेवाट लागते, आजूबाजूला पन्नास फुटांपर्यंत कीटकनाशक भुकटी मारतात, आणि वेचणी त्या तुकड्यापुरती थांबवून बाकी बागेत चालू ठेवता येते. न कळवल्याने भर हंगामात पाच-सहा गडी आडवे झाले, तर गावाचं नाव पेपरात येणारच आणि बागेत बोंडू कुजत पडणार.

हे त्यांना ग्रुपवर सांगू नका. चारचौघांत माणूस माघार घेत नाही. घरी जा, आरोग्यसेविकेला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बरोबर घ्या. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्यात तुम्हीही आहात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावा आणि कार्यवृत्तात नोंदवून घ्या: माकड मेलेलं दिसलं की कोण कोणाला फोन करणार. तेलाची मागणीही त्याच बैठकीतून जाऊ दे. बाई एकटी बोलली की आगाऊ ठरते, समितीने ठराव केला की ते गावाचं काम होतं.

पण त्यांच्या होकारासाठी थांबायचं नाही, हेही स्पष्ट लिहितो. संशयित आजार कळवणं हे तुमचं काम आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तुम्ही गावकऱ्यांच्या ग्रुपवर टाकलंत आणि आरोग्य केंद्राला कळवलं नाहीत. मला वाटतं हे उलटं व्हायला हवं होतं. ग्रुपवरच्या फोटोने भीती पसरते, पथक येत नाही. फोन आधी आरोग्यसेविकेला, मग वैद्यकीय अधिकाऱ्यांना, वनरक्षकाला आणि गुरांच्या दवाखान्याला. कोणी उचलत नसेल तर 104 या आरोग्य हेल्पलाइनवर. तारीख, जागा आणि कोणाशी बोललात, हे वहीत एका ओळीत लिहून ठेवा. गेल्या महिन्यातलं वानर अजूनही कळवा. तिथली पिल्लं मे महिन्यापर्यंत आहेत आणि त्या बागेत माणसं रोज जातायत. पोस्ट काढून टाकल्याचा अपराध मनात घेऊन बसला असाल तर तो असा फेडता येतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. देवचार आपल्या गावाची राखण करतो, त्याचं गाऱ्हाणं त्यांना घालायचं असेल तर घालू देत. नारळ ठेवायला दहा मिनिटं लागतात, रक्त द्यायला दोन. दोन्ही एकाच सकाळी होतं. उलट गाऱ्हाण्याला जी चार जाणती माणसं जमतील, त्यांच्यासमोर हे बोलायची संधी सोडू नका. गावकर मंडळी देवळात म्हणाली की मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, तर तुमच्या शंभर पत्रकांचं काम झालं.

रुग्णाच्या घराबद्दल मात्र कडक राहा. कोविडमध्ये आपण पाहिलं, ताप एकाला आणि वाळीत सगळं घर. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. त्याच्या ताटात जेवलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं तरी होत नाही. हे तोंडाने सांगून पटत नाही, म्हणून तुम्ही त्या घरी जाऊन चहा प्या आणि शेजारीण बघत असताना प्या.

राहता राहिले डॉक्टर. त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांच्या हातात माहिती द्या. गावातल्या प्रत्येक घरी एवढं पाठ करून घ्या की डिसेंबर ते मे या काळात तापाला दवाखान्यात गेलं की नाव-वयाच्या पाठोपाठ सांगायचं: "मी काजूत जातो, ताप अमुक तारखेला आला, आमच्याकडे माकड मेलंय." तारीख महत्त्वाची, कारण आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणू सापडतो आणि त्यासाठी आरटी-पीसीआर लागते, त्यानंतर प्रतिपिंडांची एलायझा चाचणी. साध्या लॅबमध्ये यातलं काही होत नाही, नमुना सरकारी वाटेनेच जायला हवा. मला त्या गड्याने हे वाक्य ऐकवलं असतं, तर मी पेन खाली ठेवलं असतं.

आणि ग्रुपवर काय टाकायचं तेही विचारलंत ना फोनवर? तुमच्या भाषेत टाका, माझ्या नाही. माझी मालवणी मोडकी आहे, चुकलं असेल ते सुधारून घ्या: "माकड मेलेला दिसला तर जवळ जाव नकात, हात लावू नकात, फोटोय काढू नकात. माका फोन करा. काजूत जातास तर माझ्याकडना तेल घेवन जावा." शेवटचं वाक्य तेल आरोग्य केंद्रातून हातात आल्यावरच जोडा.